तिसऱ्या बाकावरच्या मार्थाबाई

देऊळ असो, विहार असो की चर्च, प्रवचन चालू असताना मध्येच बोलणाऱ्याला अडवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्या म्हणजे आमच्या घरमालकीण, मार्थाबाई त्रिभुवन. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू असायची, फादर रंगात आलेले असायचे, निम्मे लोक ऐकत आणि निम्मे पेंगत असायचे, आणि उजवीकडच्या तिसऱ्या बाकावरून एक स्वच्छ, सपाट, सरकारी आवाज यायचा, "फादर, आवाज येत नाही."

नवख्या माणसाला वाटायचं, माइक बिघडला. तो मागं वळून स्पीकरकडं बघायचा. जुने लोक जागे व्हायचे, कारण आता खरी मजा सुरू होणार हे त्यांना माहीत असायचं. मार्थाबाईंचे कान मांजरीचे होते. आमटीत मीठ जास्त झालंय असं मी वरच्या मजल्यावर बायकोला हळूच सांगितलं, तर खालून उत्तर यायचं, "सुनीता, बटाटा टाक." शेजारच्या गॅरेजवाल्या शकीलभाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सावध केलं होतं, "सोनवणेभाई, मावशी का सिग्नल इत्ता तेज है, मैं गाली भी मन में देतूं."

तेव्हा 'आवाज येत नाही' याचा अर्थ ऐकू येत नाही असा नव्हता. 'तुम्ही आत्ता जे बोललात ते मला पटलेलं नाही, पुन्हा नीट बोला,' असा तो होता.

ही सवय नोकरीतली. मार्थाबाईंचा जन्म वैजापूरकडच्या एका खेड्यातला, पण नोकरी सगळी इथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. परगावी बोलायचं तर आधी एक्स्चेंजला सांगावं लागायचं आणि तिथली बाई लाइन जोडून द्यायची, त्या जमान्यातल्या त्या ऑपरेटर. लाइन साफ लागल्याशिवाय त्या कलेक्टरलाही बोलू देत नव्हत्या म्हणे. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही, असं सुनीतानं एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या की दिवसभर लग्न झालेल्या लोकांची बोलणी कानात ऐकली, त्यातच हौस फिटली.

मी मूळचा सिल्लोडचा. औरंगपुऱ्यात माझं चष्म्याचं छोटं दुकान आहे. छावणीच्या बाजूला भाड्याचं घर बघायला गेलो, तेव्हा मार्थाबाईंनी माझ्याआधी माझी स्कूटर बघितली. मागची सीट दोन्ही हातांनी दाबून बघितली आणि मग अट सांगितली. दर रविवारी सकाळी चर्चला न्यायचं आणि परत आणायचं. शहरातल्या एकाही रिक्षावाल्याशी त्यांचं जमत नव्हतं, कारण त्या मागं बसून त्याला हॉर्न कमी वाजवायला सांगायच्या. आमच्या घरी गणपती आणि महालक्ष्म्या. चर्चशी माझा संबंध नाताळाची रोषणाई लांबून बघण्यापुरता. पण घर हवेशीर होतं आणि रविवारी माझं दुकान उशिरा उघडायचं. मी हो म्हटलं.

सुरुवातीला मी त्यांना सोडून बाहेर निंबाखाली उभा राहायचो. एप्रिलच्या एका रविवारी त्या तरातरा बाहेर आल्या आणि म्हणाल्या, देवाच्या दारात येऊन उन्हात उभे राहता, तो मला काय म्हणेल, आत पंखा आहे. तेव्हापासून तिसऱ्या बाकावर त्यांच्या शेजारी माझीही जागा झाली.

मिस्सेत कधी उभं राहायचं, कधी बसायचं, कधी गुडघे टेकायचे याचा एक क्रम असतो. मला तो शाळेतल्या कवायतीसारखा वाटायचा, फक्त इथं शिट्टी वाजवणारा कुणी दिसत नव्हता. मी सोपा मार्ग काढला. मार्थाबाई करतील तसं करायचं. त्या सगळ्यांच्या क्षणभर आधी उभ्या राहायच्या आणि क्षणभर आधी बसायच्या, त्यामुळं माझी कधी फजिती झाली नाही. फक्त ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांग लागायची, तेव्हा त्या मला डोळ्यांनीच 'बसा' म्हणायच्या.

मिस्सा संपली की अंगणात चहा असायचा आणि महिला मंडळाचे समोसे. वाळूजच्या कारखान्यांतले केरळी, गोव्याकडची दोनतीन घरं, वैजापूर-गंगापूरच्या खेड्यांतून शहरात आलेली मराठी कुटुंबं, अशी सगळी तिथं तासभर रेंगाळायची. या आठवड्यात कुणाच्या घरी रोझरीची प्रार्थना, कुणाच्या पोराचा बाप्तिस्मा, कुणाचं ऑपरेशन, हे सगळं तिथंच ठरायचं आणि कळायचं. मार्थाबाई त्यात फार थांबायच्या नाहीत. त्या सरळ फादरकडं जायच्या आणि प्रवचनातले मुद्दे काढायच्या.

तेव्हाचे फादर होते फादर बेनेडिक्ट. सज्जन आणि जरा भिडस्त माणूस. एकदा बायबलच्या वाचनात उंट आणि सुईची गोष्ट आली. श्रीमंत माणसानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशूनं म्हटलंय. नेमके त्या दिवशी पहिल्या बाकावर एक मोठे कारखानदार पाहुणे म्हणून आले होते. फादर बेनेडिक्ट जपून बोलत होते. श्रीमंतीत तसं वाईट काही नाही, असं ते म्हणाले.

"फादर, आवाज येत नाही."

फादरनी माइक जवळ ओढला आणि म्हणाले की मन मोठं असलं म्हणजे झालं. अजूनही आवाज येत नव्हता. फादरनी घाम पुसला आणि म्हणाले, तरीपण तसं अवघडच आहे. आता थोडा थोडा यायला लागला. शेवटी फादर बेनेडिक्टांनी उंट सुईच्या अलीकडं उभा केला आणि तिथंच ठेवला, तेव्हा मार्थाबाईंनी मान हलवली आणि प्रवचन पुढं गेलं. कारखानदारही हसले. ते पुन्हा आले नाहीत, पण तो योगायोगही असेल.

त्याच संध्याकाळी फादर बेनेडिक्ट मार्थाबाईंच्या ओसरीवर आले. हाही क्रम ठरलेला. रविवारी सकाळी त्या अडवायच्या आणि संध्याकाळी फादर समजूत काढायला यायचे. समजूत निघायची नाही. दोघं वेताच्या खुर्च्यांवर बसून वाद घालायचे, चहा व्हायचा, पुन्हा वाद व्हायचा. मध्येच मार्थाबाईंची शहरी भाषा सुटायची आणि त्या एकदम वैजापूरवर जायच्या, "नाय नाय, हे लई झालं तुमचं." फादर जाताना थकलेले दिसायचे आणि मार्थाबाई दहा वर्षांनी लहान.

फादरांच्या बदल्या होतात. काही वर्षं झाली की बिशपसाहेबांचं पत्र येतं आणि माणूस दुसऱ्या गावाला जातो. फादर बेनेडिक्ट होते तोवर मार्थाबाईंच्या मते त्यांचं प्रवचन म्हणजे लांबलेलं लग्न. ते बदलून गेले आणि पुढच्याच रविवारी मार्थाबाई मला स्कूटरवर सांगू लागल्या, काय त्यांचं प्रवचन असायचं, संपूच नये वाटायचं. त्याआधीच्या फादरचंही असंच झालं होतं, असं मला अंगणात कळलं. इथून गेल्याशिवाय कुणी फादर मार्थाबाईंच्या लेखी चांगला होत नव्हता. "आधीचे फादर असं करत नव्हते," हे वाक्य प्रत्येक नव्या फादरला स्वागताच्या हारासोबतच मिळायचं.

आणि मग आले फादर आरोग्यस्वामी.

वय तिशीच्या आसपास. तामिळनाडूच्या समुद्रकाठच्या एका गावातले. मराठी नुकती शिकलेले आणि सर्दीनं बेजार. आमच्याकडची कोरडी हवा आणि धूळ त्यांना मानवत नव्हती. मार्थाबाईंनी पहिल्याच दिवशी शेरा मारला की नाव आरोग्य, आणि आल्यापासून शिंकतोय.

खरा घोटाळा प्रार्थनेत झाला. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' अशी एक ओळ आहे, ती सगळे मिळून म्हणतात. पण माइक फादरच्या तोंडापुढं. त्यांना भ म्हणता येत नव्हता. त्या भाकरीतल्या भचा आधी ब झाला, मग घाईत काना गळला आणि शेवटी वेलांटीही लागली. अशा रीतीनं आम्हां सगळ्यांच्या वतीनं देवाकडं रोजची एक बकरी मागितली गेली. मागच्या बाकांवरच्या दोघातिघांना ही मागणी मनापासून पटलेली दिसली. मार्थाबाई त्या दिवशी 'आवाज येत नाही' म्हणाल्या नाहीत. आवाज फारच नीट आला होता. मिस्सा संपल्यावर त्यांनी फादरला अंगणातच गाठलं. फादर हात जोडून म्हणाले, मी शिकतो आहे. मार्थाबाई म्हणाल्या, शिका, पण तोवर देवाकडं बकऱ्या मागू नका.

संध्याकाळी फादर ओसरीवर हजर. आधीचे फादर समजूत काढायला यायचे, हे शिकायला आले. मी आणि सुनीता वरच्या गॅलरीत बसून ऐकायचो. फादर सांगत होते की तामिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. मार्थाबाई म्हणाल्या, तुमच्याकडं काटकसर असेल, आमच्याकडं चार आहेत, चारही वापरायची. मग घर, घोडा, भाऊ, भात, धन्यवाद अशी उजळणी. प्रत्येक शब्दाला मार्थाबाई म्हणायच्या, "आला नाही." कधीतरी, फार क्वचित, म्हणायच्या, "आला." तेव्हा फादर असे हसायचे की समोरच्या घरातली मुलं टाळ्या वाजवायची.

असं वर्षभर तरी चाललं असेल. चर्चमध्ये 'आवाज येत नाही' चालूच होतं, फक्त आता ते मजकुराबद्दल कमी आणि उच्चाराबद्दल जास्त असायचं. फादर तिथल्या तिथं थांबून शब्द सुधारायचे. लोकांनाही त्याची सवय झाली. एखाद्या रविवारी मार्थाबाई काही बोलल्या नाहीत, तर लोकांना प्रवचन अर्धवट वाटायचं.

मग हळूहळू त्या खरंच बोलेनाशा झाल्या.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. एका रविवारी फादर 'धन्य'ला 'दन्य' म्हणाले आणि पुढं निघून गेले. पुढं जाऊन त्यांनीच दचकून तिसऱ्या बाकाकडं बघितलं. मार्थाबाई शांत बसल्या होत्या. चेहऱ्यावर हलकं हसू. पुढच्या रविवारीही तेच. अंगणात चर्चा झाली. कुणी म्हणालं, वय झालं, शांत झाल्या. कुणी म्हणालं, या पोरानं त्यांना जिंकलं. फादर आरोग्यस्वामींचा तर चेहराच बदलला. मला फाटकापाशी गाठून त्यांनी हळूच विचारलं, "माझी मराठी आता बरी झाली ना? मार्थाबाई काही म्हणत नाहीत." मी म्हटलं, पुष्कळ सुधारली.

आणि सुधारली म्हणूनच त्यांचं ओसरीवर येणं थांबलं. त्यात त्यांची चूक नव्हती. वाळूजकडच्या कामगारांच्या घरभेटी, मुलांचं धर्मशिक्षण, आजाऱ्यांकडं जाणं, कामांचा ढीग होता. तक्रारच नाही म्हटल्यावर समजूत कुणाची काढायची? रविवारी संध्याकाळी मार्थाबाई मात्र सवयीनं दोन कपांचा चहा ठेवायच्या आणि मग खालून हाक मारायच्या, "सुनीता, ये गं." सुनीता जायची, चहा प्यायची, वर यायची. तिच्या मराठीत काढण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळं बसणं लांबायचं नाही. ती म्हणायची, मावशी आजकाल आपलंच बोलत राहतात, मी काय म्हणाले त्याला उत्तरच देत नाहीत.

मला पहिली शंका आली ती चर्चमध्ये, आणि तीही माझीच फजिती झाली म्हणून. मी कायम मार्थाबाईंकडं बघून उठायचो हे सांगितलंच आहे. त्या दिवशी प्रवचन संपलं, आणि मी नेहमीसारखा त्यांच्याकडं बघत बसलो. त्या माझ्याकडं बघत बसल्या होत्या. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत असताना मागं बाकांचा खडखडाट झाला. मी वळून बघितलं तर सगळं चर्च उभं होतं आणि आम्ही दोघंच बसलेलो. आम्ही गडबडीनं उठलो. मार्थाबाईंनी पदर नीट केला आणि समोर बघत राहिल्या. मला हसू येत होतं. त्यांच्याकडं बघितलं आणि ते गेलं.

त्याच आठवड्यात मी गॅसचं पुस्तक आणायला खाली गेलो होतो. दार उघडं होतं. मार्थाबाई पलंगावर बसून मेथी निवडत होत्या आणि त्यांच्या हाताशी, अगदी हाताशी, टेबलावरचा फोन वाजत होता. एखाद्या गोष्टीचा राग असला की त्या फोन मुद्दाम उचलत नसत, म्हणून मी थांबलो. फोन वाजत राहिला. त्या मेथीची एकेक काडी तोडत राहिल्या. शेवटी फोन दमून बंद पडला. मग त्यांची नजर दाराकडं गेली आणि मी त्यांना दिसलो. मग माझ्याकडून त्यांची नजर फोनकडं गेली. त्या काय समजायचं ते समजल्या.

"वाजत होता?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

त्यांनी मला बसायला सांगितलं, समोर, तोंड दिसेल असं. नाताळानंतर एक कान गेला होता. दुसऱ्यात आधी खरखर सुरू झाली आणि आता त्यातही काही राहिलं नव्हतं. समोरच्याच्या ओठांवरून निम्मं कळायचं, निम्मं त्या अंदाजानं धरायच्या. मी म्हटलं, सांगितलं का नाही कुणाला. हे वाक्य मला दोनदा सावकाश म्हणावं लागलं. मग त्या म्हणाल्या, "सोनवणे, इतकी वर्षं मी भर चर्चमध्ये सांगत आले, आवाज येत नाही. ते खोटं होतं तोवर मजा होती. आता खरंच येत नाही म्हटलं, तर कोण मानेल? हसतील."

आणि त्यांनी मला बजावलं की हे कुणाला सांगायचं नाही, फादरला तर मुळीच नाही. तो पोरगा खूश आहे, त्याला वाटतंय त्याची भाषा सुधारली. त्याचा आनंद कशाला घालवायचा?

डोळ्यांचं काही असतं तर माझ्या हातात इलाज होता. कानांसाठी मी त्यांना माझ्या दुकानाच्या पलीकडच्या गल्लीत यंत्रवाल्याकडं नेलं. यंत्र कानात बसवलं, तर त्यांनी पाच मिनिटांत काढून टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, ही काय लाइन आहे, नुसती शिट्टी आणि खरखर, असली लाइन मी गिऱ्हाइकाला कधी दिली नसती. तो बिचारा सांगत होता की सवय होईल. त्याचं त्यांना अर्थातच ऐकू आलं नाही. सुनीताला मी घरी आल्यावर सांगितलं, कारण तिच्यापासून लपवणं मला जमत नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही. ती रोज दुपारी खाली जाऊन बसायला लागली, एवढंच.

महिन्यातल्या एका रविवारी पहिलं वाचन मार्थाबाईंकडं असायचं. मला वाटलं होतं, त्या आता ते सोडतील. सोडलं नाही. वाचायला कान कशाला लागतात, असं त्यांचं म्हणणं. आणि खरोखरच त्या सुंदर वाचायच्या. माइकपुढं त्या कधी ओरडायच्या नाहीत. एक्स्चेंजमधला तो मऊ, जवळून बोलल्यासारखा आवाज लावायच्या.

त्या रविवारी त्या वाचायला उभ्या राहिल्या, दोन ओळी झाल्या, आणि लाइट गेली. पंखे फिरता फिरता थांबले. स्पीकर बंद झाला. लोक वाट बघत राहिले की आता त्या आवाज चढवतील. मार्थाबाई त्याच मऊ आवाजात बंद माइकपुढं वाचत राहिल्या. तिसऱ्या बाकावर मला जेमतेम पुटपुट ऐकू येत होती. मागच्यांना काहीच नाही. मागं कुजबुज सुरू झाली, कुणीतरी खाकरलं. वेदीजवळ खुर्चीवर बसलेले फादर पुढं वाकून हळूच म्हणाले, "मावशी, थोडं मोठ्यानं." त्यांनी मान वळवली नाही. फादरनी पुन्हा म्हटलं, जरा जोरात. त्या वाचत राहिल्या. एक पान उलटलं.

मी फादरकडं बघत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ होता. मग ते एकदम स्थिर झाले. गेले कितीतरी रविवार त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. ते उठले, वेदीच्या कडेला येऊन लोकांकडं तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी एक हात थोडासा वर केला. कुजबुज थांबली. त्यानंतर सगळ्या चर्चनं, कुणालाही ऐकू न येणारं ते वाचन, शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं.

वाचन संपलं की वाचणारा म्हणतो, 'हा प्रभूचा शब्द आहे,' आणि लोकांनी उत्तर द्यायचं असतं, 'देवाला धन्यवाद.' मार्थाबाईंनी वर बघितलं, त्यांचे ओठ हलले. कुणाला कळलंच नाही की आता आपली पाळी आहे. फादर त्यांच्या समोर गेले, त्यांच्याकडं तोंड करून, एकेक अक्षर सुटं करत मोठ्यानं म्हणाले, "देवाला धन्यवाद." सगळं चर्च त्यांच्यामागून म्हणालं. मार्थाबाईंनी मान लववली आणि जागेवर आल्या.

बसल्यावर त्यांनी मानेवरचा घाम पुसला आणि सहज वर बघितलं. पंखा बंद होता. त्यांनी दुसऱ्या पंख्याकडं बघितलं, मग माइककडं. मग मांडीवरच्या आपल्या हातांकडं बघत बसल्या. मिस्सा संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. स्कूटरवर घरी येताना त्यांनी माझा खांदा नेहमीपेक्षा घट्ट धरला होता.

संध्याकाळी फादर आले. हात हलवत आले. ओसरीवरची खुर्ची शेजारून उचलून त्यांनी मार्थाबाईंच्या अगदी समोर ठेवली. आम्ही गॅलरीत होतो. आत जावं असं सुनीता मला खुणावत होती, पण जात तीही नव्हती.

"कुणी सांगितलं? सोनवण्यांनी?" मार्थाबाईंनी विचारलं.

फादरनी मान हलवून नाही म्हटलं. मग तोंड मोठं करून, एकेक शब्द दाखवत म्हणाले की भ अजून येत नाही, घ पण येत नाही, आणि मला वाटलं, मी शिकलो.

मार्थाबाई म्हणाल्या, "मला आता ऐकू येत नाही. मी कशी शिकवणार?"

फादर तसेच बसून राहिले. उठूनही गेले नाहीत. मार्थाबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या, जसं एखाद्या बंद पडलेल्या यंत्राकडं बघावं तसं. मग त्यांनी फादरचा हात धरला, आपल्या ओठांपुढं आणला आणि म्हणाल्या, "ब." काही झालं नसावं. मग म्हणाल्या, "भ." फादरनी हात दचकून मागं घेतला. भ म्हणताना हवा येते, ब म्हणताना येत नाही, हे आम्ही जन्मभर बोलत आलो, पण माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी गॅलरीत आपल्या तोंडापुढं हात धरून बघितला. सुनीतानंही बघितला.

मग मार्थाबाईंनी आपला तळवा फादरच्या तोंडापुढं धरला. फादर म्हणाले, बाऊ. मार्थाबाईंनी नकारार्थी मान हलवली. बाऊ. पुन्हा नाही. फादरनी श्वास घेतला आणि जोर लावला, इतका की त्यांना शिंकच आली. मार्थाबाईंनी हात पदराला पुसला आणि पुन्हा तिथंच धरला. किती वेळा झालं कोण जाणे. गल्लीत दिवे लागायची वेळ झाली होती. शकीलभाई खाली कुणाच्या तरी गाडीचं चाक काढत बसले होते, समोरच्या वहिनी दोरीवरचे कपडे काढत होत्या. एकदा फादर म्हणाले, "भाऊ," आणि मार्थाबाईंचा तळवा थोडासा मागं सरला. त्या तळव्याकडं बघत राहिल्या. फादर त्यांच्याकडं बघत राहिले. मग पुढचा शब्द, आणि त्यानंतरचा.

चहा झाला. फादर निघाले, तशा मार्थाबाई त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेल्या. त्या कुणाला फाटकापर्यंत पोचवायला जात नसत. तिथं त्यांनी आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं बघितलं, आणि फादरच्या अगदी कानाशी तोंड नेऊन हळूच काहीतरी सांगितलं. म्हणजे त्यांच्या समजुतीनं हळूच. स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यामुळं त्यांचा अंदाज पार सुटला होता. ते शब्द गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, घराघरांत पोचले.

"मधल्या वारीपण येत जा रे बाळा. लई एकटं वाटतं. सुनीता आली नाय त्या दिवशी कुणाचं तोंडसुद्धा दिसत नाय."

शकीलभाईंच्या हातातला पाना क्षणभर थांबला आणि मग खाली मान घालून पुन्हा फिरू लागला. समोरच्या वहिनींनी, ज्यांच्या नजरेतून गल्लीतली काडीसुद्धा सुटत नाही, वाळलेले कपडे पुन्हा दोरीवर टाकले आणि पुन्हा काढायला लागल्या. सुनीता वळून आत गेली.

फादरनी मान हलवली, अंधारातही दिसेल एवढी मोठी, आणि ते गेले. मार्थाबाईंनी फाटकाला कडी लावली. मग कंबरेवर हात ठेवून त्यांनी सगळ्या गल्लीवरून एकदा नजर फिरवली. सगळे आपापल्या कामात होते. कुणाला काही ऐकू गेलेलं नाही, अशी खात्री करून त्या समाधानानं आत गेल्या.